शाळेतलं गाणं आणि वयात येणारी मुलं: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी पुण्यात एका शाळेत गाणं शिकवते, माझ्याकडे सातवी ते दहावीची मुलं असतात. पालकसभेत, गेटवर, व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतात आणि मी तीच तीच उत्तरं टाईप करते, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून ठेवावं. क्रम वगैरे काही नाही, आठवेल तसं लिहिलंय.

आठवड्याला गाण्याचा एकच तास. त्यात मूल माणूस म्हणून काय घडणार?

त्या तासात फार काही नाही, खरं सांगते. पन्नासेक मुलं, पस्तीस मिनिटं, त्यातली दहा तर बाकं सरकवण्यात आणि "बाई याने मला ढकललं" मध्ये जातात. जे घडतं ते तालमीत घडतं. समूहगीत बसवताना, परिपाठाच्या प्रार्थनेला पेटीवर कोण बसणार यावरून भांडताना, गॅदरिंगच्या आधीच्या महिन्यात.

एक उदाहरण सांगते. आमच्या समूहगीतात एक मुलगा खंजिरी वाजवतो. अख्ख्या गाण्यात त्याचं काम किती, तर अंतरा संपला की चार मात्रा (ठोके), मग परत गप्प. बाकीचा वेळ उभं राहून मोजायचं. सुरुवातीला तो दर वेळी आधी घुसायचा कारण हात शिवशिवतात हो त्या वयात, मग मुली त्याच्याकडे डोळे वटारून बघायच्या, मग मी थांबवायचे, परत पहिल्या ओळीपासून. त्याला कोणी ओरडलं नाही, प्रवचन दिलं नाही, त्याच्या घाईने वीस जणांचं गाणं पडतंय हे त्याला स्वतःच्याच कानांनी कळत होतं. काही दिवसांनी मी बघितलं तर तो मोजत नव्हताच, समोरच्या मुलींच्या खांद्यांकडे बघत होता. श्वास घेतला की खांदे हलतात, त्यावरून तो ओळखायचा की आता पुढची ओळ येणार आणि त्याच्या आधी माझ्या चार मात्रा बसल्या पाहिजेत. हे मी शिकवलेलं नव्हतं.

या वयात मुलं स्वतःभोवती फिरत असतात, माझा चेहरा, माझे केस, माझ्याकडे कोण बघतंय, आणि ते चूक नाही, वयच तसं आहे. पण एकत्र गाताना दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय स्वतःचं जमतच नाही. माझ्या मते शाळेतल्या गाण्याचा सगळा फायदा इथून सुरू होतो, बाकीचं मागून येतं.

गाणं शिकलं की बुद्धी वाढते, गणित सुधारतं म्हणतात. खरंय का?

हा प्रश्न टॉप वन आहे. उत्तर जरा लांब आहे, चहा घ्या.

ते मोझार्ट ऐकवलं की मूल हुशार होतं वालं प्रकरण 1993 सालच्या एका छोट्या प्रयोगावरून निघालं. तो प्रयोग लहान मुलांवर नव्हताच, कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर होता, आणि जो काही फरक पडला तो दहा-पंधरा मिनिटं टिकला. त्यावर लोकांनी सीड्या विकल्या. पुढे 2004 मध्ये ग्लेन शेलेनबर्ग यांनी कॅनडात सहा वर्षांच्या मुलांवर नीट अभ्यास केला, काहींना कीबोर्ड, काहींना गाणं, काहींना नाटक, काहींना काहीच नाही. संगीतवाल्यांचा आयक्यू बाकीच्यांपेक्षा थोडासा जास्त वाढला, थोडासाच. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त आवडते, ती कोणी फॉरवर्ड करत नाही: सामाजिक वागणुकीत सुधारणा दिसली ती नाटकवाल्या मुलांमध्ये, संगीतवाल्यांमध्ये नाही! म्हणजे नुसता क्लास लावला की मूल समजूतदार होतं असं काही नाही, एकमेकांवर अवलंबून राहायची वेळ यावी लागते.

2020 मध्ये साला आणि गोबे या दोन संशोधकांनी 54 अभ्यास, जवळजवळ सात हजार मुलं, सगळं एकत्र करून तपासलं, आणि जिथे तुलना काटेकोर होती तिथे बुद्धी किंवा मार्कांवर संगीताचा परिणाम जवळपास शून्य निघाला. उलट कॅनडातल्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांतात लाखाहून जास्त विद्यार्थ्यांचे निकाल बघितले तर शाळेत संगीत घेणारी मुलं गणित, सायन्स, इंग्रजीत पुढे होती. पण तो नुसता संबंध झाला, मुळात जी मुलं टिकून बसतात तीच संगीतातही टिकतात हेही असू शकतं ना.

तुमच्या मुलांच्या वयाचा म्हणाल तर शिकागोचा एक अभ्यास आहे, 2015 चा, मेंदू आणि आवाजावर काम करणाऱ्या नीना क्राउस यांच्या लॅबचा. हायस्कूलची मुलं, काही शाळेच्या बँडमध्ये, काही शाळेतल्याच लष्करी कवायतीच्या कोर्सला. साधारण तीन वर्षांनी बँडवाल्या मुलांचा मेंदू आवाजाला प्रतिसाद देण्यात जास्त तयार झालेला दिसला. मुद्दा काय, की गाणं सुरू करायला तेराव्या-चौदाव्या वर्षी उशीर झालेला नसतो, आणि ते शाळेतलंच साधं एकत्र वाजवणं होतं, कोणी मोठे उस्ताद लावले नव्हते.

गणितासाठी मात्र गणितच करायला लागतं. मी माझा विषय गणिताच्या नावावर विकणार नाही.

मुलाचा आवाज फुटलाय. आता गाणं बंद करायचं का?

अजिबात नको!!! हे मी बोल्ड करून लिहायला हवं.

साधारण बारा ते पंधराच्या दरम्यान मुलांचा स्वरयंत्राचा भाग वाढतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. मुलींचाही बदलतो, पण दोन-तीन सुरांनी, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. काल काळी पाच या उंच पट्टीत आरामात गाणारा मुलगा सहा महिन्यांत काळी एक या खालच्या पट्टीवर येतो, आणि मधल्या काळात त्याला स्वतःलाच माहीत नसतं की तोंड उघडलं की काय बाहेर येणार. वर्गात फसकन हसतात. इथे खूप मुलं गाणं कायमचं सोडतात, आणि गळ्यामुळे नाही, त्या हसण्यामुळे.

मी काय करते, अशा मुलांना खालच्या सप्तकात चार-पाच सुरांचंच काम देते, आवाज चढवायला सांगत नाही, तार सप्तक, म्हणजे वरचे सूर, पूर्ण बंद. कोणाला तबल्यावर, कोणाला पेटीवर बसवते, पण वर्गाबाहेर काढत नाही. आणि सातवीतच सगळ्यांना, मुलींनासुद्धा, हे का होतं ते फळ्यावर काढून सांगते. एकदा कारण कळलं की हसणं बरंच कमी होतं. मागे एका मुलाने स्वतःच जाहीर केलं, "बाई माझं सध्या काम चालू आहे, रस्ता बंद," आणि सगळा वर्ग त्याच्याबरोबर हसला. शरीर बदलतंय हे असं चारचौघात, न लाजता बोलता येणं, हे मला त्या वर्षीच्या कुठल्याही बक्षिसापेक्षा मोठं वाटलं.

घसा बसलेला दोन-तीन आठवडे तसाच राहिला, बोलतानाही दुखतंय, तर मात्र ईएनटीकडे जा.

आम्ही बाहेर चांगला क्लास लावलाय. मग शाळेतल्या समूहगीताची कटकट कशाला?

क्लास चांगलाच, चालू ठेवा. गळा तिथेच तयार होणार, माझ्या पन्नासाच्या वर्गात नाही.

पण क्लासमध्ये काय असतं, तुमची मुलगी आणि तिच्यासारख्याच पाच-सहा मुली, सगळ्यांच्या घरी गाणं ऐकलं जातं, सगळ्यांचे आईबाबा फी भरू शकतात. शाळेच्या गाण्यात तिच्या शेजारी उभी असते ती वॉचमनकाकांची मुलगी, जिने कधी तानपुरा बघितला नाही पण आवाज असा खणखणीत की माइकची गरज नाही. तिच्याबरोबर एका सुरात यायचं तर तुमच्या मुलीला आपल्या हरकती-मुरक्या खिशात ठेवायला लागतात. सुरुवातीला जड जातं. "मला येतं ते मी का गाऊ नको" असं एका मुलीने मला सरळ विचारलं होतं, आणि प्रश्न बरोबरच होता. मी म्हटलं अंतऱ्यात दोन ओळी तू एकटीने गा, तिथे हवं ते कर, पण धृपदाला मला तू वेगळी ऐकू आलीस तर परत पहिल्यापासून. तिला ते पटायला गॅदरिंग उजाडलं!

आणि वर्गात बसवून सगळ्यांना गाणं शिकवणं हे आपल्याकडे तसं नवीनच आहे. पूर्वी गुरूच्या घरी राहून, त्यांची मर्जी सांभाळून मिळेल तेवढं शिकायचं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते कोणालाही फी भरून, वर्गात बसून शिकता यावं म्हणून. पुण्यात त्यांचे शिष्य विनायकराव पटवर्धनांनी 1932 मध्ये गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. शाळेतला तास हा त्याच्याही पुढचा टप्पा आहे, इथे फी पण लागत नाही.

माझा मुलगा बेसूर आहे, त्याला यातून सूट द्या.

नाही.

(बरं, सांगते. खरोखर ज्याला सूर ओळखताच येत नाही अशी माणसं फार थोडी असतात. बाकीच्यांना "तू नको गाऊस" हे कोणीतरी लहानपणी सांगितलेलं असतं, बहुतेक वेळा घरातल्याच कोणीतरी. आधी पेटीचा एकच सा धरून ठेवायला शिकवते. येतं हळूहळू.)

ढोल-ताशा पथकात जायचं म्हणतोय/म्हणतेय. पाठवू का?

जून-जुलैत हा प्रश्न सुरू होतो आणि गणपती बसेपर्यंत थांबत नाही. पुण्यात शाळांची पथकं ही जुनी गोष्ट आहे, ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग, नूमवि ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. माझं मत पाठवा, पण डोळे उघडे ठेवून.

चांगलं काय ते आधी. पथकात नवीन मूल लगेच ढोल बांधून मिरवत नाही. आधी ढोल उचलून आणायचे, दोऱ्या ओढून ताणायचे, ढोलाचं पान फाटलं तर बदलताना धरून उभं राहायचं, ताडपत्री घालायची. नदीपात्रात पावसात चिखलात उभं राहून तोच हात शंभर वेळा. ताशा जे सांगेल ते ढोलाने ऐकायचं, ताशा थांबला की पन्नास ढोल एकदम थांबले पाहिजेत, एकाचं टिपरू (ढोलाची काठी) मागे राहिलं तर सगळ्यांना ऐकू जातं. घरी पाण्याचा ग्लास न उचलणारा मुलगा तिथे दुसऱ्याचा ढोल उचलतो, हे मला कितीतरी आयांनी सांगितलंय, जरा चिडूनच. मुलीही मोठ्या संख्येने असतात आणि बरोबरीने वाजवतात, त्यामुळे त्या वयातलं मुलगा-मुलगी अवघडलेपण बरंच निवळतं.

आता दुसरी बाजू. कान! 85 डेसिबलच्या आवाजात आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात आणि त्याच्या वर दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होत जातो, म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. मिरवणुकीत पथकाच्या मधोमध आवाज शंभरच्या वर सहज जातो. त्यामुळे इअरप्लग हवेतच, सरावाला पण, आणि नुसता कापूस पुरत नाही. सराव संपल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तर तो इशारा आहे. शिवाय ढोल कमरेला बांधतात, पाठीचं दुखणं लपवून वाजवणारी मुलं मी बघितली आहेत. तर पथक निवडताना तीन गोष्टी विचारा: सराव किती वाजता संपतो, लहान मुलांकडे कोण लक्ष देतं, आणि विसर्जनाच्या दिवशी घरी कोण सोडतं. उत्तर गोलगोल आलं तर दुसरं पथक बघा, पुण्यात कमी नाहीत.

स्पर्धेच्या टीममध्ये निवड झाली नाही म्हणून रडतेय. तुम्ही सगळ्यांना का घेत नाही?

स्पर्धेत संख्येची मर्यादा असते म्हणून. गॅदरिंगला मात्र ज्याला यायचंय तो प्रत्येक जण असतो, हा माझा नियम आहे आणि त्यासाठी मी मुख्याध्यापकांशी भांडलेय.

रडू द्या तिला. लगेच मला फोन नको, प्लीज. दोन दिवसांनी तिलाच माझ्याकडे पाठवा, "बाई माझं काय कमी पडलं" हे तिला स्वतः विचारू दे. मी खरं सांगते, म्हणजे "तुझा सूर छान आहे पण लय पळते, झपतालात (दहा मात्रांचा ताल) आठव्या मात्रेला तू रोज घाई करतेस" असं. तेरा वर्षांच्या मुलीने मोठ्या माणसासमोर उभं राहून आपल्यातलं उणं ऐकून घेणं, आणि परत दुसऱ्या दिवशी तालमीला येऊन निवड झालेल्यांना तानपुरा ॲप लावून देणं, हे सोपं नाहीये. ज्या मुली हे करतात त्या पुढच्या वर्षी बहुतेक टीममध्ये असतात, पण त्यासाठी करू नका.

गॅदरिंगला कराओके ट्रॅक का चालत नाही तुम्हाला? बाकी शाळा करतात.

ट्रॅक कोणासाठी थांबत नाही. मुलगी ओळ विसरली तर ट्रॅक पुढे जातो आणि ती स्टेजवर एकटी पडते. तबल्यावर तिचा वर्गमित्र असेल तर तो एक आवर्तन जास्त वाजवतो, पेटीवाली पहिला सूर धरून देते, आणि प्रेक्षकांना कळतही नाही. मला ते हवंय, मग आवाज जरा कच्चा आला तरी चालेल.

दहावीला बंद करावं का?

सगळे करतात. मी म्हणते कमी करा, बंद नको. स्पर्धा सोडा, बाहेरचे कार्यक्रम सोडा, आठवड्यातून दोनदा अर्धा तास ठेवा. प्रिलिमच्या आधी अगदीच बंद, चालेल.

आणि हो, मार्कांचं. शास्त्रीय गायन-वादनाच्या मान्यताप्राप्त संस्थेच्या ठरावीक परीक्षा पास असतील तर दहावीला जादा गुण मिळतात, प्रस्ताव शाळेमार्फत बोर्डाकडे जातो, तेव्हा सर्टिफिकेट वेळेत ऑफिसमध्ये द्या, शेवटच्या दिवशी झेरॉक्सच्या लाईनमध्ये उभं राहून मला फोन करू नका. पण नुसत्या गुणांसाठी आठवीत प्रारंभिक परीक्षा, मग घाईघाईने प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण असं जे चालतं ते बघून वाईट वाटतं. मुलांना भूप रागाचे आरोह-अवरोह, वादी-संवादी, गानसमय सगळं तोंडपाठ असतं, आणि भूप लावला तर ओळखता येत नाही.

तो फक्त रॅप ऐकतो, दिवसभर हेडफोन. आपलं संगीत कसं ऐकेल?

रॅपला नावं ठेवू नका आधी. मी आठवीच्या वर्गात एकाला त्याचं आवडतं रॅप तीनतालावर म्हणायला लावलं, सोळा मात्रांत बसेना, मग सगळा वर्ग टाळ्या-खाली मोजत तासभर त्यावर बसला. त्या दिवशी त्यांना सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, काय ते कळलं, मी दोन वर्षं सांगत होते तेव्हा कळलं नव्हतं.

सवाई गंधर्व महोत्सवाला घेऊन जा, डिसेंबरात, पण पूर्ण सत्र बसवून ठेवू नका. भीमसेन जोशींनी 1953 मध्ये आपल्या गुरूंच्या, सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला, बरीच वर्षं रमणबागेच्या मैदानावर व्हायचा, आता मुकुंदनगरला होतो. एक गायक ऐका, बटाटेवडा खा, या घरी. झोपला तर झोपू दे, मांडवात झोपलेले मोठे लोक पण असतात.

मूल फार टेन्शनमध्ये आहे, गाण्याने बरं होईल का?

गाऊन हलकं वाटतं, चार मुलांच्यात बसल्याने एकटेपणा कमी होतो, हे मी रोज बघते. पण झोप उडालीये, जेवत नाही, जगण्यात अर्थ नाही असं बोलतोय, तर गाण्याच्या बाई पुरणार नाहीत. शाळेच्या समुपदेशकांशी बोला, डॉक्टरांकडे जा, किंवा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, त्यावर फोन करा. गाणं सोबत चालू राहू दे.

वाद्य कुठलं घ्यायचं?

पहिले सहा महिने काहीच घेऊ नका. शाळेची पेटी वाजवू दे, तबल्याला फोनवरचं ॲप चालतं. नंतर घ्यायची तर पेटी सेकंडहँड चालते, फक्त भाता गळत नाही ना आणि सगळे सूर एकमेकांशी जुळतात ना ते कोणी जाणकार बरोबर नेऊन बघा. (पेटी लावणाऱ्या मुलांना मी हमखास सांगते की आकाशवाणीने या बिचारीवर 1940 ते 1971 बंदी घातली होती. मग ती पेटीकडे जरा आदराने बघतात.)

आमच्या शाळेत संगीत शिक्षकच नाहीत. काय करू?

पालक-शिक्षक संघात लेखी मागा. तोंडी मागितलेलं हवेत जातं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर असा पक्का भेद ठेवायचा नाही असं स्पष्ट लिहिलंय, ते अर्जात घाला. तोपर्यंत शनिवारी एखाद्या गाणाऱ्या आजोबांना किंवा मावशींना बोलवा, पुण्यात दर दोन सोसायट्यांमागे एक तरी संगीत विशारद निघतोच. मोठं काही नको, परिपाठाची प्रार्थना स्पीकरवर न लावता मुलांनीच पेटीवर म्हणायची एवढ्याने सुरुवात होते. पेटीवर रोज नवीन मूल.

घरी आम्ही काय करायचं? आम्हाला गाण्यातलं काही कळत नाही.

रियाजाच्या वेळी टीव्ही बंद ठेवा, पाहुण्यांसमोर "गाऊन दाखव" म्हणू नका, आणि तालमीहून आल्यावर "तुला सोलो मिळालं का" ऐवजी "आज शेजारी कोण होतं" असं विचारून बघा, बरंच काही बाहेर येतं. बाकी तालमीच्या दिवशी डबा जरा जास्त द्या, साडेपाचपर्यंत मुलांना भूक लागते आणि मग ती माझा डबा संपवतात.